पिल्लाची साठी

रांझीतल्या मराठी मंडळींनी एका रविवारी हेमलता बोंडे यांच्यासाठी छोटी शोकसभा ठेवली. जुने शेजारी म्हणून दोन शब्द बोलायला रत्नाकर खोडके यांना उभं केलं. ते उभे राहिले, समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "मला त्यांच्याबद्दल फारसं काही माहीत नाही." एवढं बोलून खाली बसले. माणूस गहिवरला असं लोकांना वाटलं, कुणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लासही धरला. पण ते गहिवरले नव्हते. जे खरं होतं तेच बोलले होते.

दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. पलीकडे कढईत फोडणी पडली की इकडे रत्नाकररावांना शिंक यायची. हेमलतावहिनी भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने घालतात, चालताना त्यांचा डावा पाय किंचित ओढला जातो, चहात साखर कमी घेतात, एवढं त्यांना ठाऊक. पण वहिनी कधी गात होत्या का, लहानपणी त्यांना घरी काय म्हणत, राग आला की त्या तो कुठे ठेवत, यातलं काही त्यांना सांगता आलं नसतं. रत्नाकरराव बँकेत कॅशियर होते. उभा जन्म माणसांशी जाळीतून बोलण्यात गेलेला. पत्नी वारल्यावर तेही बोलणं आटलं. वहिनींबद्दल जे काही थोडं त्यांना कळलं ते एकाच पावसाळ्यात, आणि तेही एका खेळण्यामुळे. त्याच्या पुढल्या वर्षी, हैदराबादला मुलीच्या घरी, वहिनी गेल्या. साठीही गाठली नव्हती.

वहिनींचे यजमान शालिग्राम बोंडे हे खमरियाच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतून, सेक्शन सांभाळणारे चार्जमन म्हणून रिटायर झालेले. क्वार्टर सोडून रांझीच्या या घरात आले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ मात्र जशीच्या तशी राहिली, फॅक्टरीत होती तशी. तेव्हापासून वहिनींचा दिवस त्या पलंगाला बांधलेला. उठवा, पुसा, भरवा, कुशीवर वळवा. मदतीला माणूस ठेवून पाहिला. दोघांना शालिग्रामरावांनी पळवून लावलं. "मला परक्या हातचं होत नाही," असं ते म्हणत. त्यात ताठा होता, आणि थोडी भीतीही असावी. निदान रत्नाकररावांना तसं वाटे. पण त्यांना वाटलेलं कितपत खरं धरावं हे त्यांचं त्यांनाच कळत नसे.

त्या वर्षी वहिनींना एकच गोष्ट हवी होती. आर्वीला, माहेरी, भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवसांचा सण. उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, आंबील, घरभर लेकीबाळी. यजमान अंथरुणाला खिळल्यापासून वहिनींना एकदाही जाता आलं नव्हतं. धाकटी बहीण पुष्पा दर वर्षी फोन करायची, यंदा जुलैपासूनच तगादा सुरू केला होता. "ताई, यंदा नाही आली तर मी तुला बोलावणंच बंद करीन." वहिनी फोन कानाला तसाच धरून पलंगाकडे बघायच्या, आणि पलंगावरून आवाज यायचा, "जा ना. मला गळ्यात दगड बांधून ग्वारीघाटला नदीत सोड अन् जा."

त्या उन्हाळ्यात नात आली होती, दुर्वा, नऊ-दहा वर्षांची. अवंती, म्हणजे वहिनींची मुलगी, हैदराबादला नोकरीत. पोरीला मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून हिंदीच यायची. जाताना ती आजीच्या हातात एक खेळणं ठेवून गेली. कोंबडीच्या अंड्याएवढं जांभळं प्लॅस्टिक, त्यावर बोटाच्या पेराएवढा पडदा आणि खाली तीन बटणं. पडद्यावर काळ्या ठिपक्यांचं एक पिल्लू. कुत्र्याचं म्हणावं तर कान नव्हते, कोंबडीचं म्हणावं तर शेपूट होतं. त्याचं नाव गोलू. भूक लागली की ते वाजायचं, घाण केली की वाजायचं, दुखलंखुपलं की वाजायचं. वेळेवर बटण दाबलं नाही तर मरायचं. झोपलं की त्याचा दिवासुद्धा आपणच मालवायचा.

"स्कूल में अलाउड नहीं है, आजी. तुम रखो," दुर्वा म्हणाली होती. "मर गया ना, तो मैं कट्टी."

रत्नाकरराव रोज सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की पेपर घेऊन पलीकडे जात आणि शालिग्रामरावांना बातम्या वाचून दाखवत. त्या दिवशी ते बसले होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी चिवचिवलं.

"हे काय नवीन?" शालिग्रामरावांनी विचारलं.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "दुर्वाचं पिल्लू. भूक लागली त्याला."

"खाते काय?"

"बटण."

शालिग्रामरावांनी ते डाव्या हातात घेऊन डोळ्यांजवळ धरलं. "रत्नाकर, हे तर माझ्यासारखंच आहे बे. भरवा, धुवा, औषध द्या, दिवा मालवा."

"नाही ना जी," वहिनी म्हणाल्या. "हे औषध थुंकत नाही."

रत्नाकररावांना हसू आलं, ते त्यांनी पेपरमागे लपवलं.

"वय काय याचं?"

"चार."

"चार दिवस?"

"चार वर्षं. याचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष. दुर्वानं सांगितलं. पडद्यावर पण वर्षंच येतात, हे बघा."

हे ऐकून शालिग्रामराव पहिल्यांदा उशीवरून थोडे वर सरकले. फॅक्टरीतल्या माणसाला वयाचा हिशोब फार लवकर कळतो. भरतीचं वय, बढतीचं वय, क्वार्टर रिकामं करायचं वय. "म्हणजे परवा पहिलीत," ते म्हणाले, "अन् दोन हप्त्यांत आपल्याकडे अप्रेंटिस. रत्नाकर, आजपासून याला साहेब म्हणायचं."

तेव्हापासून सकाळी बातम्यांच्या आधी साहेबांची हजेरी होऊ लागली. "आज किती?" "नऊ." मग शालिग्रामराव आपण नऊ वर्षांचे असताना पुलगावला काय काय केलं ते सांगत. या गोष्टी रत्नाकररावांनी पूर्वी ऐकलेल्या होत्या. दहाव्या वर्षी विहिरीत पडले, पंधराव्या वर्षी मामाच्या सायकलवरून देवळीला गेले, अठराव्या वर्षी भरतीच्या परीक्षेला बसले. रत्नाकरराव मान हलवत. पिल्लूही मोठं होत होतं. त्याला आता पाय फुटले होते, आणि तोंडाचा कोपरा खाली वळला होता, सतत कुणावर तरी नाराज असल्यासारखा.

एके सकाळी साहेब एकोणीसचे झाले. शालिग्रामरावांनी आपली एकोणिसावी गोष्ट सुरू केली होती. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "मी एकोणीसची होती तेव्हा वर्ध्याला डी.एड.ला नंबर लागला होता माझा."

दोघेही पुरुष तिकडे बघू लागले.

"कधी बोलली नाहीस," शालिग्रामराव म्हणाले.

"तुम्ही विचारलं काहून नाही? बघायला आले तेव्हा तुम्ही एवढंच विचारलं, स्वयंपाक येतो का."

"अन् तू म्हणाली येतो."

"येतच होता ना."

पिल्लू वाजलं. वहिनींनी बटण दाबलं आणि आत गेल्या. शालिग्रामराव म्हणाले, "वाच बे पुढे," आणि रत्नाकररावांनी जी बातमी आधी वाचली होती तीच पुन्हा वाचली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण एकदा दार उघडलं ते उघडलं. मग रोज सकाळी वहिनीही दारात उभ्या राहून एखादं वाक्य बोलू लागल्या. हातात लाटणं किंवा औषधाची बाटली असे, बसत कधीच नसत. वाक्य संपेपर्यंत पिल्लू किंवा नवरा, दोघांपैकी कुणीतरी हाक मारी. त्या वाक्यांमधून रत्नाकररावांना एवढं कळलं, की एकविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या खमरियाच्या क्वार्टरमध्ये आल्या. दुसऱ्या दिवशी रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी झाली, तेव्हा युद्ध सुरू झालं समजून त्या पोळपाट हातात घेऊन अंगणात धावल्या. सगळी लाईन हसली. "आता सवय झाली असेल," रत्नाकरराव धीर करून म्हणाले. वहिनींसमोर त्यांचं बोलणं एवढंच.

"कुठली भाऊजी! अजून दचकते मी. आवाज झाला की छातीत असं होते. पण हे म्हणतात सवय झाली, तर झाली असेल."

चोविसाव्या वर्षी अवंती झाली. सत्ताविसाव्या वर्षी क्वार्टरच्या मागे भोपळ्याचा वेल लावला आणि शेजारणीशी त्यावरून भांडण झालं. ते त्यांनी फार रंगवून सांगितलं, शेजारणीची नक्कल करून, कमरेवर हात ठेवून. शालिग्रामराव इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि वहिनी नक्कल अर्धी सोडून पाणी आणायला धावल्या. उरलेली नक्कल रत्नाकररावांना कधीच ऐकायला मिळाली नाही.

मग तिशी आली.

"आज तेहतीस," शालिग्रामराव म्हणाले. "तेहतिसाव्या वर्षी मला... नाही, तू सांग. तुझं काय होतं तेहतिसाला?"

वहिनी आठवू लागल्या. "तेव्हा सासूबाई पडल्या."

दुसऱ्या दिवशी चौतीस. "सासूबाईच."

पस्तीस. "तेच."

छत्तीस, सदतीस. वहिनी दारात यायच्या, पडद्याकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि परत जायच्या. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं, नंतर त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. शालिग्रामराव ओव्हरटाइमला जायचे. पिल्लाचा एकेक दिवस जात राहिला आणि वहिनींच्या त्या वर्षांमधून सांगण्यासारखं काही निघेना. सकाळची हजेरी आता दोन शब्दांत संपू लागली. एकदा चाळिशीच्या आसपास त्या एकाएकी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, याचा एक दिवस आपलं एक वर्ष होते. मग आपली कितीतरी वर्षं मिळून एकच दिवस होत असेल, नाही का?"

रत्नाकररावांनी पेपरची घडी घातली. ते घरी जाऊन दुपारभर त्यावर विचार करत राहिले. उत्तर सुचलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि ते तितकं चांगलंही नव्हतं.

इकडे भाद्रपद जवळ येत होता. पुष्पाचा फोन दोन दिवसांआड येई. वहिनी आता फोन घेऊन मागच्या अंगणात जात. तिथल्या नळाखाली बादली लावलेली असे, तिच्यात थेंब पडत, आणि भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या रत्नाकररावांना अर्धं बोलणं ऐकू येई. "हो गं. बघते. नाही, विचारलं नाही अजून. विचारून काय होते?" फोन संपला तरी त्या लगेच आत जात नसत. पिल्लू कमरेला खोचलेलं असे. वाजलं की जात.

साहेब अठ्ठावन्नचे झाले त्या सकाळी वहिनी स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. रत्नाकररावांनी त्यांना त्या खोलीत बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"आज आम्ही जोडीचे," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन्न. उद्यापासून हा माझ्याहून मोठा. अहोजाहो करावं लागेल."

"आपल्याकडे आता थोडेच दिवस आहेत साहेब," शालिग्रामराव पडद्याला उद्देशून म्हणाले. "परवा साठ. परवा विदाई. साठ म्हणजे साठ. मोठा साहेब असो की हमालीवरचा खलाशी, गळ्यात हार घालून गेटच्या बाहेर. एक दिवस जास्त नाही. मला काय कमी वाटलं होतं? अजून दहा वर्षं सेक्शन सांभाळला असता मी. पण नियम तो नियम."

"अन् माझं?" वहिनींनी विचारलं.

"तुझं काय?"

"मी कधी रिटायर?"

शालिग्रामराव हसले. "तुला अजून दोन वर्षं आहेत."

"याला पण दोनच वर्षं आहेत. याची तर परवा भरतात."

"ते खेळणं आहे, हेमा."

वहिनींना नावाने हाक मारलेली रत्नाकररावांनी तेव्हा ऐकली, पहिल्यांदा आणि एकदाच. वहिनींचा आवाज चढला नाही. पलंगाच्या चादरीची घडी सरळ करत त्या म्हणाल्या, "दोन महिने झाले, तुम्ही त्याला साहेब म्हणून राहिले. शाळेत घातलं, भरती केलं, चार्जमन केलं, आता हार घालून राहिले. सगळे नियम त्याला लागतात. मग त्याचं घड्याळ मला एकदा लागलं तर काय बिघडलं? परवा त्याची साठ भरली की माझी पण भरली. मला महालक्ष्म्यांना जायचं आहे."

रेंजवरून एक धमाका झाला, खिडकीची काच थरथरली आणि वहिनी दचकल्या. शालिग्रामरावांनी ते पाहिलं.

"मी येईन झोपायला," रत्नाकरराव म्हणाले. आपणच बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. "चार दिवस. आणि अंगाचं करायला एक सचिन म्हणून आहे, घमापुरला राहतो, दवाखान्यात काम केलेला. माझ्या हिच्या वेळी तोच यायचा."

"तू?" शालिग्रामराव म्हणाले. "तुला स्वतःचा चहा करता येत नाही बे."

"येतो," रत्नाकरराव म्हणाले. "पातळ होतो."

शालिग्रामराव बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना दुसरीकडे वळायचं असतं तरी वहिनींनाच बोलवावं लागलं असतं. शेवटी तिकडेच बघत ते म्हणाले, "चार दिवस. पाचव्या दिवशी हजेरी पाहिजे."

विदाई खरोखर झाली. शालिग्रामरावांनी तसा हुकूमच सोडला होता. स्टुलावर धुतलेला टॉवेल अंथरला, त्यावर जांभळं अंडं, पुढे नारळ. रत्नाकररावांनी खोव्याची जिलबी आणि झेंडूच्या माळा आणल्या. एक छोटी माळ अंड्याभोवती गुंडाळली, तर त्याचा पडदाच झाकला गेला. शालिग्रामरावांनी फॅक्टरीतल्यासारखं हिंदीत भाषण केलं. "श्री गोलूजी ने साठ वर्ष निष्ठा से सेवा की. कभी लेट नहीं आए. कभी छुट्टी नहीं माँगी." इथे ते अडखळले. पुढचं वाक्य त्यांना आठवत नव्हतं की बोलायचं नव्हतं, कोण जाणे. मग मोठी माळ त्यांनी डाव्या हाताने उचलली आणि वहिनींना म्हणाले, "वाक." वहिनी वाकल्या. एका हाताने माळ नीट पडेना, ती अंबाड्याला अडकली. वहिनींनी तीही स्वतःच सोडवून गळ्यात नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो दारात उभी राहिली. सचिन आला होता, तिशीचा, मितभाषी. त्याने शालिग्रामरावांना बसतं केलं होतं आणि ते छताकडे बघत सगळं सोसत होते. वहिनींनी निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं. पिशवी ऑटोत ठेवली, पाय ठेवला, आणि घरात पिल्लू वाजलं.

वहिनी खाली उतरल्या.

त्याला रिटायर केलं होतं सगळ्यांनी मिळून, पण त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. विदाईनंतर ते तसंच टॉवेलवर राहिलं होतं आणि आता भुकेने ओरडत होतं. वहिनी तरातरा आत आल्या, चपला घालूनच, आणि बटण दाबणार तोच पलंगावरून शालिग्रामराव ओरडले, "आण इकडे! मला दे ते. एक अंगठा आहे ना मला. गाडी जाईल तुझी, निघ!"

वहिनींनी अंडं त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि गेल्या.

पुढचे दिवस शालिग्रामराव आणि पिल्लू यांनी एकमेकांना सांभाळलं. सचिन पुसून घेत असला तरी मुठीत अंडं असायचं. "लई वाजते गा हे," ते रत्नाकररावांना म्हणाले. "जरा डोळा लागला की वाजते." रत्नाकरराव पातळ चहा करत, पेपर वाचत, पलीकडच्या खाटेवर झोपत. वहिनींचा फोन आला तेव्हा मागे बायकांचा गलका होता, भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "जेवले का?" "जेवलो." "औषध?" "थुंकलं नाही." असं बोलणं झालं. पुष्पा मधेच फोन ओढून म्हणाली, "भाऊजी, ताईला आम्ही आणखी आठ दिवस ठेवून घेणार आहो, सांगून ठेवते." शालिग्रामरावांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण अर्धंच खाल्लं.

चार दिवस व्हायचे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. वहिनी दारात उभ्या. हातात पिशवी, फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या.

"आजच?" रत्नाकरराव म्हणाले. "विसर्जन तर आज संध्याकाळी ना?"

"हो. पुष्पा रागावली." वहिनी उंबऱ्यावर चपला काढत होत्या. "पण काय सांगू भाऊजी, झोपच लागेना तिथं. काही वाजतच नव्हतं ना. आता वाजेल, मग वाजेल, असंच पडून राहायची मी. जेवायला बसली तरी उठून उभी राहायची मधेच. सगळ्या म्हणायच्या, ताई, कुठं निघाली? मलाच सांगता यायचं नाही कुठं निघाली ते. मग वाटलं, इथंच बरं."

त्यांनी हे हसत सांगितलं. रत्नाकररावांना हसता आलं नाही.

आतून शालिग्रामरावांचा आवाज आला, "रत्नाकर, कोण आलं बे?" आणि कळल्यावर, "मी म्हटलंच होतं! हिला माझ्याशिवाय करमत नाही." कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज इतका मोकळा झाला नव्हता. वहिनींनी पदर खोचला आणि बादली भरायला घेतली. सचिनला त्यांनी पुरणपोळी देऊन निरोप दिला. पिल्लू वाजलं तेव्हा शालिग्रामरावांनी ते पुढे केलं, "घे तुझं," आणि वहिनींनी घेतलं. त्या संध्याकाळी रत्नाकरराव आपल्या घरी झोपायला गेले.

थोड्याच दिवसांनी, सदुसष्टाव्या वर्षी, गोलू गेला. आजारी नव्हता. सकाळी पडद्यावर पिल्लाऐवजी दोन पंख आणि एक चांदणी दिसत होती. शालिग्रामराव विचारत राहिले, "खायला दिलं होतं ना? दिवा मालवला होता ना?" सगळं दिलं होतं. म्हातारा झाला आणि गेला, एवढंच.

वहिनींनी भीत भीत हैदराबादला फोन लावला. दुर्वा आनंदाने ओरडली, "सडसठ! आजी, मेरी फ्रेंड का तो नौ में मर गया था! अब बीच वाला बटन दबाओ, नया अंडा आएगा."

"ऐकलं ना," शालिग्रामराव म्हणाले. "दाब. नवीन भरती करू."

वहिनींनी अंगठा बटणावर ठेवला. रत्नाकरराव बघत होते. अंगठा तिथे बराच वेळ राहिला. मग त्या म्हणाल्या, "उद्या दाबीन. दूध गॅसवर आहे."

संध्याकाळी त्या मागच्या भिंतीपाशी आल्या. रुमालात गुंडाळलेलं अंडं त्यांनी भिंतीवरून पुढे केलं.

"हे तुमच्याकडे ठेवा भाऊजी. माझ्याकडे राहिलं तर मी दाबीन."

"दुर्वा मागेल तर?"

"ती विसरली आता."

रत्नाकररावांनी ते दाढीच्या सामानाच्या फळीवर ठेवलं. पुढे दोनतीनदा शालिग्रामरावांनी विचारलं, "अगं, आपली नवीन भरती कुठं आहे?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बॅटरी संपली त्याची. इथं मिळत नाही." शेजारच्या खुर्चीत रत्नाकरराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

दिवाळीला अवंती आली आणि तिने ठरवूनच टाकलं. आता दोघांनी हैदराबादला यायचं, चौदाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. ती चांगल्या मनाने म्हणत होती. शालिग्रामराव दोन दिवस कुरकुरले आणि तयार झाले. वहिनींना कुणी विचारलं की नाही, हे रत्नाकररावांना माहीत नाही. भिंतीपलीकडून त्यांना एवढंच ऐकू आलं, "तिथं खिडक्या उघडतात का गं?" आणि अवंती म्हणाली, "आई, एसी आहे. काहून उघडायच्या?"

ते अंडं अजून त्या फळीवर आहे. मधलं बटण रत्नाकररावांनी दाबलेलं नाही. शोकसभेत हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण खेळण्याची गोष्ट तिथे शोभली नसती.

हैदराबादला निघायच्या सकाळी मोठी गाडी दारात उभी होती. मागच्या सीटवर शालिग्रामरावांना आडवं केलं होतं आणि ते ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. अवंती पुढे बसून फोनवर बोलत होती. वहिनी कुलूप लावून आल्या. किल्ली रत्नाकररावांच्या हातात दिली. काहीतरी बोलायला हवं असं रत्नाकररावांना फार वाटलं. चाळिशीच्या दिवसांत त्यांनी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. पण ते म्हणाले, "पाणी घेतलं ना सोबत?"

"घेतलं," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, मागचा नळ गळते थोडा. खाली बादली लावून ठेवत जाल?"

"लावीन."

"भरली की तुळशीला घाला."

"हो."

गाडीतून हाक आली. वहिनींनी तिकडे पाहिलं, मग कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"चला मग."

"या," रत्नाकरराव म्हणाले.